मैदानावरून संघाच्या कचेरीत

प्रश्न : नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामने पाहताना संघबांधणी कोण करत असेल, याचे कुतूहल वाटते. अमेरिकेतील बिली बीन हे बेसबॉलपटू म्हणून मागे पडूनही जनरल मॅनेजर म्हणून यशस्वी कसे झाले?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्स या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलेले बीन मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, जेमतेम १४८ सामने खेळले. १९९० मध्ये त्यांनी ओकलंड ॲथलेटिक्स या संघाकडे पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचा खेळ आधी जाऊन हेरण्याचे काम स्वतःहून मागून घेतले आणि १९९७ मध्ये सँडी ऑल्डरसन यांच्या जागी ते जनरल मॅनेजर झाले.

सामन्यातील डावपेच मैदानावरचा मॅनेजर ठरवतो. करार, अदलाबदल आणि निवड मात्र जनरल मॅनेजरच्या हाती असते. तिजोरी लहान असल्याने बीन यांनी, बाद न होता बेसवर (धाव घेताना गाठायच्या ठाण्यावर) पोहोचण्याचे प्रमाण चांगले असूनही बाजारात ज्यांना भाव नव्हता, असे खेळाडू घेतले. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून निकामी ठरलेल्या स्कॉट हॅटबर्गना त्यांनी पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभे केले. ४ सप्टेंबर २००२ रोजी ११–० अशी आघाडी गमावून बसलेल्या संघाला याच हॅटबर्ग यांच्या होमरनने (चेंडू थेट मैदानाबाहेर मारणाऱ्या फटक्याने) सलग विसावा विजय मिळवून दिला. अर्थात, सारे श्रेय आकडेमोडीला देणे आम्हाला पटत नाही, कारण हडसन, मल्डर आणि झिटो असे तीन अव्वल पिचर (चेंडू फेकणारे) त्याच संघात होते. शिवाय त्या मोसमात १०३ सामने जिंकूनही संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात मिनेसोटाच्या संघाकडून हरला.