नोटरीवर गुंठा घ्यावा का?

प्रश्न : नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीत कामाला, पगार १९ हजार, मिरजेत भाड्यानं राहतो. फ्लॅट बघायला गेलो तर नुसतं डाउन पेमेंट ऐकून परत आलो. आता एक एजंट एक गुंठा दाखवतोय, सातबारा सामाईक आहे, नोटरी करून देतो म्हणतो, गुंठेवारी काय आज ना उद्या नियमित होतेच म्हणतो. घरचे म्हणतात घेऊन टाक. एवढ्या बिल्डिंगा उठतायत मग आमच्यासारख्याला घर का मिळंना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, आधी सरळच सांगतो, नोटरीवर पैसे देऊ नका. जागेची मालकी रजिस्टर खरेदीखतानं बदलते, नोटरीच्या कागदानं नाही. आणि एजंट जे म्हणतोय ना, ते अगदीच खोटं नाही, म्हणून तर माणूस फसतो. गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे बिनपरवाना पाडलेले तुकडे नियमित करायचा कायदा आला २००१ ला, तेव्हा १ जानेवारी २००१ च्या आधीचे प्लॉट धरले, मग २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली. म्हणजे मागच्यांचं झालं, पण तुमचा आज पाडलेला तुकडा त्यात बसत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २०१२ ला केंद्राच्या तज्ज्ञ गटानं हिशेब मांडलेला, शहरांत पावणेदोन कोटींच्या वर घरं कमी, आणि त्यातली ९५ टक्के तुमच्या-आमच्यासारख्या कमी कमाईवाल्यांचीच, आणि गंमत बघा २०११ च्या जनगणनेत शहरांतली १ कोटीहून जास्त घरं रिकामी पडून होती! घरं बांधली जातात, पण ज्याच्याकडं पैसा आहे त्याच्यासाठी. उरलेला माणूस मग शेतातला गुंठा धरतो, कारण मंजूर लेआउटमध्ये, म्हणजे सरकारी परवानगीनं आखलेल्या प्लॉटांत, रस्ता, गटार, मोकळी जागा सोडावी लागते आणि त्याचा पैसा प्लॉटच्या दरात येतो. गुंठा स्वस्त का, तर गटारच नाही. आफ्रिकेतल्या नैरोबीत, लागोसमध्येपण हीच कथा.

पण एक मार्ग याआधी चाललेला आहे. १९७० च्या दशकात नैरोबीच्या डांडोरात आणि ८० च्या दशकात आपल्या मुंबईत चारकोपला, सरकारनं घर नाही दिलं, आखलेला छोटा प्लॉट, पाणी, ड्रेनेज दिलं, बाकी ज्यानं त्यानं जमेल तसं बांधलं. माझ्या मते सांगली-मिरजेला हेच पाहिजे होतं, टॉवर नको. असो, आमचं कोण ऐकतंय.

तुम्ही एक करा. दोघा-तिघांनी मिळून का होईना, मंजूर लेआउटमधला छोटा प्लॉट रजिस्टर करून मिळतो का बघा. जागा स्वतःच्या नावावर असली तर पीएम आवासमधून बांधायला २.५ लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, नोटरीच्या कागदावर मिळणार नाही. पूररेषेचा नकाशा महापालिकेत जाऊन स्वतः बघा, एजंटच्या मोबाईलवरचा नको. आणि एकदा मोठा पाऊस पडून गेला की संध्याकाळी त्या जागेवर जाऊन आजूबाजूच्या चार घरांत विचारा, २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलतं.