टर्बो बदलण्याआधी पाइप बघा

घाटात 2000 आरपीएमच्या पुढे गाडी ओढत नाही, मागे काळा धूर आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला, हे तुम्ही लिहिलंत आणि मला माझा कसारा घाट आठवला. माझीही डिझेलच. लक्षणं अगदी हीच.

मलाही इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात बोट फिरवून तेल दाखवलं. "टर्बोचं ऑइल सील गेलंय." मी लगेच हो म्हणालो, तीच चूक. 48 हजार गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याच चढावर तोच धूर. परत गेलो तर म्हणे, नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागेल. टर्बोला असलं काही नसतं हो! जुना मागितला तर भंगारात गेलेला. आजही आठवलं की संताप होतो.

शेवटी नाशिकच्या एका मिस्त्रींनी इंटरकूलरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढून दाखवला. खालच्या बाजूला बोटभर चीर. गाडी नुसती चालू असताना मिटलेली, टर्बोचा दाब आला की उघडायची. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्या मापाने डिझेल पडतं आणि मोजलेली हवा वाटेतच निसटते, म्हणून काळा धूर. बाहेरचा दाब साधारण 1 बार असतो. टर्बोने आणखी 1 बार भरला की सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा जाते. ती गळाली की छोट्या इंजिनात जीव उरत नाही.

पाइपात तेलाचा पातळ ओलावा असतोच, तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून येतो. सील खरंच गेलं तर धूर निळसर येतो आणि ऑइल कमी होत जातं. टर्बोचा शाफ्ट (पात्यांचा दांडा) आडवा किंचित हलला तर चालतं, तो ऑइलच्या थरावरच फिरतो. पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घासलेली असतील, तरच टर्बोवर या.

मी मेकॅनिक नाही, आणि हे डिझेलपुरतंच धरा. पण पाइपांची प्रेशर टेस्ट केल्याशिवाय कशालाही होकार देऊ नका. टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी व्हॅक्यूमची बारीक नळीही बघायला सांगा.

जाता जाता, घाट चढून थांबलात की मिनिटभर इंजिन चालू ठेवा. शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, इंजिन लगेच बंद केलं की ऑइल थांबतं आणि आतच जळतं.

आणि बदलायचाच ठरला, तर टर्बोला ऑइल पुरवणारा फीड पाइपही नवा घाला, आणि "जुना टर्बो मालकाला परत" हे कामाआधीच जॉबकार्डवर लिहून घ्या.