शीर्षकातला मॅकार्थी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचलं. भाषा नेटकी आहे, पण घोळ पहिल्याच पानावर आहे. बर्कलीच्या प्राध्यापकांना घातलेली कम्युनिस्टविरोधी शपथ असो की कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्यांची हॉलिवूडची काळी यादी, सगळं खापर तू अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्या मॅकार्थीच्या डोक्यावर फोडलंस. जरा तारखा मांडून बघ. चौकशी समितीला उत्तरं द्यायला नकार देणाऱ्या हॉलिवूडच्या दहा जणांवर काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) अवमानाचा ठपका आला नोव्हेंबर १९४७ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाची, म्हणजे बर्कलीची, शपथ १९४९ ची. मॅकार्थी ज्याने गाजला ते व्हीलिंगचं भाषण फेब्रुवारी १९५० चं! शिवाय तो सिनेटर, आणि पटकथाकारांना बोलावणारी समिती हाऊसची, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाची. (ही गल्लत मीही एकदा भर वर्गात केली होती, म्हणून लगेच डोळ्यात खुपली.)

मॅकार्थी एकदा खलनायक ठरला की बाकीचे सगळे सुटतात. तुझ्या प्रकरणात नेमकं तेच झालंय. बर्कलीत भीती कशी पोचली ते बघ: नेमणुकीच्या कागदासोबत. 'मी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य नाही' असं लिहून द्यायचं, नाहीतर नोकरीवर पाणी. ऑगस्ट १९५० मध्ये रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, १२ विरुद्ध १० मतांनी ३१ प्राध्यापकांना काढलं. गव्हर्नर अर्ल वॉरन विरोधात होते. काढलेल्यांपैकी कुणावरही कम्युनिस्ट असल्याचा आरोप नव्हता. इतिहासकार कँटोरोविच तर तरुणपणी जर्मनीत बंदूक घेऊन कम्युनिस्टांशी लढलेला माणूस. त्याने सही केली नाही, प्रिन्स्टन गाठलं. मानसशास्त्रज्ञ टोलमन कोर्टात गेले.

त्या खटल्याचा १९५२ चा निकाल तू 'विजय' म्हणून एका ओळीत उरकलास. निकालपत्र पुन्हा वाच. कोर्टाने शपथ वाईट ठरवली नाही. सरकारी नोकरांसाठी राज्याने स्वतःची शपथ कायद्यानेच घातली आहे, तेव्हा विद्यापीठाला वेगळी घालता येणार नाही, एवढंच म्हटलं. म्हणजे कामावर परतायचं तर राज्याच्या शपथेवर सही करायचीच. हा तिढा सोडवण्यात तुझी चार पानं गेली तरी चालतील.

हॉलिवूडचा भाग मात्र आवर. सगळ्या नावांची जंत्री नको, त्या दहांतला पटकथाकार ट्रम्बो एकटा पुरे. १९५७ च्या सोहळ्यात 'रॉबर्ट रिच' नावाच्या लेखकाला ऑस्कर जाहीर झालं आणि घ्यायला रिच आलाच नाही, कारण असा लेखकच नव्हता. तो ट्रम्बो होता, टोपणनावाने लिहून पोट भरणारा. निर्मात्यांना तो चालत होता, त्याचं नाव तेवढं चालत नव्हतं. हे दुटप्पीपण टिप्पणी न करता नुसतं सांगितलंस तरी पुरेल.

आणि तिथून थेट बर्कलीतल्या १९६४ च्या स्प्राउल हॉलच्या विद्यार्थी आंदोलनावर उडी मारू नकोस. मध्ये मे १९६० आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये त्याच समितीच्या सुनावणीला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पाण्याचे फवारे सोडले आणि जिन्यावरून त्यांना फरफटत खाली आणलं. त्या दृश्यांचा माहितीपट समितीने, विद्यार्थ्यांमागे कम्युनिस्टांचा हात आहे हे दाखवायला, बनवून घेतला. कॉलेजांतून तो दाखवला गेला तेव्हा पोरं हसली, आणि काही जण तर तो पाहूनच बर्कलीला यायला निघाले.

अजून एक. सही न करणारे ३१ सापडणं सोपं आहे. सही केलेले शोध. बहुसंख्य तेच होते. कुणाची मुलं लहान, कुणी नुकताच नोकरीला लागलेला. त्यांच्यापैकी एखाद्याची पत्रं किंवा मुलाखत संग्रहात मिळते का बघ, मगच प्रकरण पुन्हा पाठव. शीर्षकातला मॅकार्थी तोवर काढून ठेव.

तुझा,
सर