ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

एका वाचकाचं पत्र आलंय, नाव अर्थातच देत नाही. अमेरिकेत येऊन चार वर्षं झाली, हे एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोरवर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या डिपेंडंट व्हिसावर, मुलगी सहा वर्षांची. लिहितात, "लग्नाआधी ही इतकी बिनधास्त होती, नोकरी करायची, स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायची. आता साध्या साध्या गोष्टीवरून चिडते नाहीतर दोन-दोन दिवस बोलत नाही. मी कशालाच नाही म्हणत नाही, मागेल ते देतो. मग माझं चुकतंय कुठे?"

दादा, तुमच्या पत्रात मी दोन शब्दांवर अडकले. मागेल ते.

मीही काही वर्षं डिपेंडंट व्हिसावर काढलीत. एक दुपार अजून आठवते. मुलाच्या शाळेच्या ट्रिपचे पैसे ऑनलाइन भरायचे होते, शेवटचा दिवस होता, मी लॅपटॉप उघडला, कार्ड नंबर टाकला आणि स्क्रीनवर आलं की तुमच्या मोबाइलवर कोड पाठवलाय. माझ्या नाही, नवऱ्याच्या मोबाइलवर, कारण खातं त्याच्या नावावर. तो मीटिंगमध्ये. मेसेज केला, वाट बघितली, कोड एक्सपायर झाला, परत मागवला, परत एक्सपायर, तिसऱ्या वेळी कार्डच लॉक झालं. संध्याकाळी त्याने घरी येऊन दोन मिनिटांत पैसे भरले आणि मला रडू फुटलं. त्याला कळेचना की झालं काय, पैसे तर भरले गेले, एवढ्या-तेवढ्यावरून काय रडतेस. आणि मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही, मी म्हटलं "तुला माझी किंमतच नाही", जे खरं नव्हतं, मग त्यावरून भांडण झालं आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहिली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशात आपण ज्याला स्वभावाचं भांडण समजतो ते पुष्कळदा सत्तेचं भांडण असतं. सत्ता म्हटलं की आपल्याला आरडाओरडा करणारा, हात उगारणारा माणूस डोळ्यासमोर येतो, पण घरातली सत्ता फार गुपचूप बसलेली असते, पासवर्डमध्ये, गाडीच्या किल्लीत, डॉक्टरशी कोण बोलणार यात. आणि ज्याच्याकडे ती असते त्याला दिसतच नाही, त्याला ती जबाबदारी वाटते, उलट थोडं ओझंच वाटतं. तुम्ही वाईट नवरा आहात असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण देणारा आणि मागणारा हे रोज ठरलेले असतील तर देणारा कितीही चांगला असला तरी मागणारा हळूहळू लहान होत जातो.

विलार्ड वॉलर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1938 साली एक निरीक्षण मांडलं होतं, नातं टिकवण्याची गरज ज्याला कमी, त्याचं नात्यात जास्त चालतं. आता हे डिपेंडंट व्हिसाला लावून बघा. घटस्फोट झाला तर एच-फोरचा आधारच संपतो, म्हणजे तिचं इथलं राहणंच लग्नावर टांगलेलं. तुम्ही कधी तसं मनातही आणलं नसेल, पण तिला ते माहितीये, आणि ज्याला जास्त गमवायचंय तो भांडण अर्ध्यावर सोडून गप्प बसतो. ते दोन दिवसांचं गप्प बसणं म्हणजे राग असेलही, पण पुढे बोलून उपयोग नाही हे कळलेलं असणंही असू शकतं.

नोकरीचंही तेच. एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली ती मे 2015 पासून, आणि तीही सगळ्यांना नाही, मुख्यतः जोडीदाराचं आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेलं असेल तर. तुमचं अजून तिथवर आलेलं नाही. वर्क परमिट नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक नाही, त्यामुळे स्वतःची क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, उभी करणं अवघड. जी बाई कालपर्यंत स्वतःच्या पदाने ओळखली जायची तिला प्रत्येक फॉर्मवर "डिपेंडंट" असं लिहावं लागतं, तर तो शब्द आत कुठेतरी मुरणारच ना. बायको एच-वनवर आणि नवरा डिपेंडंट अशीही घरं आहेत, तिथे पुरुष अजूनच बोलत नाहीत, पण चिडचिड अगदी हीच असते.

आता तुमच्या बाजूने. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस, तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधा, स्टेटस बदला नाहीतर निघा, ही टांगती तलवार तुमच्या डोक्यावर आहे. मॅनेजरसमोर तुम्ही किती वेळा गप्प बसत असाल याची कल्पना आहे मला. बाहेर ज्याचं काही चालत नाही तो घरातली एकेक गोष्ट मुठीत धरायला लागतो, खर्चाचा हिशोब, सुट्टीचा प्लॅन, सगळं. म्हणजे दोघंही आपापल्या जागी हतबल आणि दोघांनाही वाटतं समोरचाच वरचढ आहे. हे एकमेकांना सांगितलंत का कधी? मोठ्याने, नेमक्या शब्दांत?

(आईवडील सहा महिन्यांसाठी आले की घरात जे सुरू होतं तेही यातलंच. आयुष्यभर घर चालवलेले बाबा इथे फिरायला जायचं तरी मुलाच्या शनिवारची वाट बघतात, मग सुनेच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढतात. त्यांना एकट्याने बसने लायब्ररीत जायला शिकवा, निम्मी कटकट कमी होईल. आणि आजीच्या डॉक्टरकडे नातवाला दुभाषी म्हणून बसवू नका, हॉस्पिटलला इंटरप्रिटर मागा. मोठ्यांची दुखणी मुलाच्या तोंडून जायला लागली की घरात मोठं कोण हेच त्याला कळेनासं होतं.)

करायचं काय, तर आधी तिला "तुझा स्वभाव बदललाय" म्हणणं बंद करा. त्याऐवजी दोघं मिळून बघा की गेल्या महिन्यात घरातले कुठले निर्णय कुणी घेतले, आणि कुठल्या गोष्टींसाठी तिला तुम्हाला विचारावं लागलं. चिडू नका, फक्त लिहून काढा. एच-फोरवर बँक खातं उघडता येतं, लायसन्स काढता येतं, कॉलेजात शिकता येतं, हे झालंय का? जॉइंट टॅक्स रिटर्न भरत असाल तर त्यावर तिचीही सही असते आणि त्यातल्या चुकीला दोघंही जबाबदार असतात, मग तो तिला वाचायला दिलाय का, की फक्त सही कुठे करायची ते दाखवलंय? ग्रीन कार्डच्या वकिलाच्या मेलमध्ये ती सीसीत आहे का?

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण पत्रं तशीही येतात. पासपोर्ट लपवून ठेवणं, "व्हिसा कॅन्सल करीन" अशी धमकी देणं, माहेरी फोन करू न देणं, हे भांडण नव्हे, हा छळ आहे, इथे चर्चा करून मार्ग काढा असा सल्ला मी देणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2015 पासून जोडीदाराला असं सतत दाबात ठेवणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अमेरिकेत एच-फोरवर असताना जोडीदाराने छळ केला तर स्वतःसाठी वर्क परमिटचा वेगळा अर्ज करता येतो. न्यू जर्सीत मानवी ही संस्था 1985 पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय. वकील मात्र स्वतःचा गाठा, नवऱ्याच्या कंपनीचा नको, तो कंपनीचं बघतो.

दादा, तुमच्या घरात असलं काही नाहीये हे पत्रावरून कळतंय, तुम्ही विचारलंत यातच बरंच आलं. या शनिवारी बँकेत जा दोघं, खात्यावर तिचं नाव आणि तिचा नंबर लावा. पुढचे तीन महिने सगळी बिलं तिला भरू द्या, एखादं राहिलं, लेट फी लागली तरी लगेच लॅपटॉप ओढून घेऊ नका, तुमच्याकडूनही पहिल्या वर्षी राहिलं असेलच की एखादं. आणि ती कशावरून तरी परत चिडली तर "काय पाहिजे तुला?" असं न विचारता "आज कुठे अडलीस?" असं विचारून बघा, आणि काय झालं ते मला लिहून कळवा.