पैशाचं आधी बोला

या महिन्यात आलेल्या पत्रांत, लिहून चार पैसे कमवायला निघालेल्या नव्या मंडळींची पत्रं बरीच आहेत. सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकाने एकच, काम ठरतं पण पैशाचं कुणी बोलत नाही. म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, मराठी घेऊन बीए केलंय. पुण्यातली एक कंटेंट एजन्सी महिन्याला २० लेख मागतेय, प्रत्येकी ८०० शब्द, शब्दाला ३० पैसे. आधी तीन लेख सॅम्पल म्हणून फुकट द्या म्हणतात. जास्त मागितले तर हातचं काम जाईल का?

उत्तर : आधी कागद घे आणि हिशोब मांड. ८०० शब्दांचे झाले २४० रुपये. विषय समजून घेणं, चार ठिकाणी वाचणं, लिहिणं, वर ते सांगतील ते बदल, हे सगळं धरून एका लेखाला सहा तास जात असतील तर तासाला ४० रुपये पडले, म्हणजे महिन्याचे १२० तास घालून हातात ४,८०० रुपये. हा आकडा डोळ्यासमोर ठेवून मगच बोलायला बस. नुसतं "थोडं कमी वाटतंय" म्हटलंस तर ते पाच पैसे वाढवतील आणि तुला नाही म्हणता येणार नाही.

असा मेसेज टाक : "सर, ८०० शब्दांच्या लेखाला मला साधारण सहा तास लागतात. माझा दर शब्दाला १ रुपया आहे, त्यात एकदा बदल करून देईन. बजेट कमी असेल तर २० ऐवजी ८ लेख देते, दर तोच राहील." एवढं पाठवलं की थांब. लगेच "पण आपण ॲडजस्ट करू शकतो" हे पुढचं वाक्य आपणहून टाकू नकोस, हे मुद्दाम सांगतेय कारण समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच दर खाली आणायची सवय आपल्याकडे, त्यातही मुलींना, फार लागलेली आहे. त्यांनी घासाघीस केलीच तर दर उतरवताना कामही उतरव, शब्द कमी कर, मुदत जास्त माग, बदलांची फेरी काढून टाक. काम तेवढंच आणि पैसे कमी याला हो म्हणायचं नाही.

फुकट सॅम्पलचं म्हणशील तर तीन लेख म्हणजे २,४०० शब्द, ते सॅम्पल नव्हे, काम आहे. आधी लिहिलेलं काही असेल तर ते दाखव, नसेल तर तुझ्या आवडीच्या विषयावर एक लेख लिहून ठेव आणि सगळ्यांना तोच पाठव. त्यांना त्यांच्याच विषयावर हवं असेल तर एक लेख ठरलेल्या दराने. आणि पहिल्या खेपेला निम्मे पैसे आगाऊ माग. नवा क्लायंट आहे, तुला तो माहीत नाही तशी त्यालाही तू माहीत नाहीस, यात कुणाचा अपमान होत नाही.

जाता जाता एक, पुढे इंग्रजीवरून भाषांतराचं काम आलं तर शब्द मूळ इंग्रजी मजकुराचे मोजायचे असं आधीच ठरवून घे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात त्यामुळे तेवढ्याच मजकुराचे शब्द कमी भरतात, मराठी शब्द मोजून पैसे घेतलेस तर दर पानाला नुकसान.

प्रश्न : मी नांदेडला शिक्षक आहे. गेल्या दिवाळीत एका अंकाला कथा दिली, छापून आली, अंकही घरपोच आला, पण मानधनाचा पत्ता नाही. संपादक वडीलधारे आणि ओळखीतले. विचारायला जीभ रेटत नाही.

उत्तर : सर, विचारा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते या बाबतीत अगदी खरं आहे.

दिवाळी अंक ही आपली किती मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला सांगायला नको, १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या लेखक या अंकांतून घडले. पण अंकाचा आर्थिक डोलारा बराचसा जाहिरातींवर उभा असतो आणि जाहिरातीचे पैसे पुष्कळदा अंक बाजारात आल्यावर महिनोन्‌महिने वसूल होत राहतात, विक्रेत्यांचा हिशोबही न खपलेले अंक परत आल्यावर होतो. म्हणून लेखकाचा नंबर शेवटी लागतो, आणि कधीकधी लागतच नाही. संपादकाच्या मनात खोट असतेच असं नाही, पण जो विचारत नाही त्याचं नाव यादीत खाली खाली जातं हे मी पाहिलेलं आहे.

फोन करा, अंकाबद्दल चार शब्द बोला आणि मग सरळ म्हणा, "सर, कथेच्या मानधनाचं विचारायचं होतं, साधारण कधीपर्यंत होईल?" तारीख सांगितली की त्याच दिवशी मेसेज करा, "आज बोलल्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत, खात्याचा तपशील सोबत देतोय." फोनवरचं बोलणं लेखी होतं आणि पुढच्या वेळी आठवण करताना अवघड वाटत नाही.

यंदा संपादकांचं कथा मागणारं पत्र आलं की कथा पाठवायच्या आधीच तीन गोष्टी विचारा : मानधन किती, कधी, आणि कथा स्वीकारून छापली नाही तर काय. यातली शेवटची कुणीच विचारत नाही. "छापून आल्यावर पैसे" असं ठरलं आणि कथा पुढच्या वर्षावर ढकलली तर तुमचे पैसेही वर्षभर ढकलले गेले, त्यामुळे जमल्यास "स्वीकारल्यावर" असं ठरवून घ्या. एखादा छोटा अंक आधीच स्पष्ट म्हणाला की आमच्याकडे पैसे नाहीत, आणि तुम्हाला तो मनापासून आवडतो, तर जरूर फुकट द्या. तो तुमचा निर्णय असला पाहिजे एवढंच.

प्रश्न : १०,००० रुपयांचं बिल दिलं, खात्यात ९,००० आले. अकाउंट्सवाले म्हणतात टीडीएस. माझे हजार गेले का?

उत्तर : गेले नाहीत. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स. प्रोफेशनल फी म्हणून बिल असेल तर साधारण १० टक्के कापून ते तुमच्या पॅनवर सरकारजमा करतात. एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या आत मिळत असतील तर कापायची सक्ती नाही (एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३०,००० होती), तरी बऱ्याच कंपन्या सरसकट कापतात. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून ते हजार तुमच्या नावावर दिसताहेत का तेवढं बघा, दिसत नसतील तर लगेच अकाउंट्सला लिहा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. बिलावर पॅन टाकायला मात्र विसरू नका, पॅन नसेल तर २० टक्के कापतात. जीएसटीची काळजी इतक्यात नको, सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते.

प्रश्न : ताई, एका कंपनीच्या वेबसाइटसाठी सहा लेख लिहिले. सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं. तीन महिने झाले, मॅनेजर "बघतो" म्हणतो, आता मेसेजही वाचत नाही. आणि लेख दुसऱ्याच नावाने साइटवर आहेत! काही करता येतं का?

उत्तर : येतं, आणि व्हॉट्सॲपवर ठरलं हे चांगलंच झालं, तो लेखी पुरावा आहे. चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेव, साइटवरच्या लेखांचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढ, आज लगेच, कारण तगादा सुरू झाला की पानं गायब होतात.

मग मॅनेजरचा नाद सोड आणि बिल थेट अकाउंट्सच्या ईमेलवर पाठव. बिल क्रमांक, तारीख, लेखांची नावं, शब्द, दर, एकूण, पॅन, खातं, आयएफएससी आणि "१५ दिवसांत देय" ही ओळ. बिलच गेलेलं नसेल तर त्यांच्या वहीत तू अजून घेणेकरीच नाहीस, कित्येकांचे पैसे नुसते इथेच अडकतात.

नावाचं म्हणशील तर तू तिथे नोकरीला नाहीस, म्हणून कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखांचा हक्क मुळात तुझा आहे, आणि तुझ्या लेखी सहीशिवाय तो त्यांच्या मालकीचा होत नाही. नाव न देता लिहायचं ठरलं नसेल तर लेखक म्हणून नाव मागायचाही हक्क आहे. ईमेलमध्ये हे शांतपणे लिही. फेसबुकवर नाव घेऊन पोस्ट टाकायची घाई करू नकोस, त्यातून उलट तुझ्यावरच अब्रुनुकसानीची नोटीस यायची.

तरीही हलले नाहीत तर स्पीड पोस्टाने पत्र, मग वकिलाची नोटीस. तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो, तेव्हा आत्ताच धीर सोडू नकोस. आणि पुढच्या कामांआधी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) करून घे, फुकट आहे, ऑनलाइन होतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत व्यवसायाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज, आणि तक्रार अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते. शिवाय वेळेत न दिलेला असा खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत टॅक्ससाठी उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्यामुळे बिलावर उद्यम नंबर दिसला की त्यांचा सीएच आधी विचारतो, यांचे दिले का.