व्हीआरएसच्या पैशातून ट्रकवर घर बांधावं का?

प्रश्न: वय 56. सातपूरच्या कंपनीतून व्हीआरएस घेतोय, सगळं मिळून 58 लाख हातात येतील. पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट, कर्ज नाही, मुलगी कमावती. पत्नीची खासगी शाळेतली नोकरी अजून 4 वर्षं आहे. घरखर्च महिना 45 हजार. हलक्या 4x4 ट्रकची नवी चॅसी, म्हणजे मागची बॉडी नसलेला सांगाडा (14 लाख), घेऊन त्यावर राहण्याची केबिन (13 लाख) बांधायची आणि स्पिती-झांस्कारला जायचं, असं डोक्यात आहे. 2027 च्या सिंहस्थात गाडी भाड्याने देऊन काही पैसे वसूल होतील. करू का?

या भावात करू नका. हौस करा, पण 27 लाखांची नको.

मुळात ते 27 नाहीतच. आडगाव नाक्याच्या फॅब्रिकेटरचं कोटेशन तुम्ही पाठवलंत, त्यात खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' आहे. बॉडी बिल्डिंगवर 18 टक्के, म्हणजे 2 लाख 34 हजार. रजिस्ट्रेशन आणि विमा धरलात की 30 गाठलेच. उरलेले 28 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्क्यांनी ठेवले, तर महिना साधारण 19 हजार सुटतात, त्यावर कर वेगळा. वहिनींचा पगार आहे तोवर ठीक. तो थांबल्यावर? आणि महागाई 6 टक्के धरली तर आजचे 45 हजार 12 वर्षांत 90 हजार होतात.

त्याच कोटेशनमध्ये केबिन चॅसीवर यू-बोल्टने आवळणार असं लिहिलंय. कांद्याच्या ट्रकला ते चालतं. खडबडीत वाटेवर चॅसी पिळवटते. कडक पॅनेलची केबिन तिला घट्ट बांधली की कोपरे तडकतात आणि दार लागेनासं होतं. म्हणून अशा गाड्यांना केबिन तीन ठिकाणी, थोडी हलू शकेल अशी टेकवतात. तुमच्या माणसाने हे काम आधी केलंय का, विचारा. नसेल, तर पहिला प्रयोग तुमच्या पैशांवर होणार. वजनही तपासा: 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो, त्यात पलंग, बॅटरी, डिझेल. आरसी बुकातल्या एकूण वजनाच्या आत बसायला हवं.

सिंहस्थाचं गणित तर सोडूनच द्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही; त्यासाठी व्यावसायिक नोंदणी, परमिट आणि तसाच विमा लागतो.

कागदपत्रांचा प्रश्न त्याहून मोठा. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे आणि अशा मानकांच्या चाचण्या पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था करते. नोंदणी झालेल्या गाडीत आरटीओच्या परवानगीशिवाय बदल केला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. विम्यात केबिनमधल्या वस्तू वेगळ्या जाहीर केल्या नाहीत, तर क्लेमच्या वेळी त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. जाहीर केल्या तरी तीन वर्षं उलटली की विमा कंपनी किंमत 40 टक्क्यांनी कमी धरते. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक चॅसीचा भाव देईल, तुमच्या ओट्याचा नाही.

माझी वाटणी अशी: 30 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत (महिना 20,500), 6 लाख एफडीत अडीअडचणीला, 10 लाख हायब्रीड फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेला म्युच्युअल फंड) निदान 10 वर्षं हात न लावता. उरले 12. तेवढ्यांत सेकंडहँड 4x4 पिकअप घ्या, हौद्यात झोपायची सोय करा, स्वयंपाक बाहेर. हे 12 लाख खर्च म्हणूनच लिहा. परत येतील असं धरू नका.

त्याआधी एखाद्या उन्हाळ्यात कॅरव्हॅन भाड्याने घेऊन दोघं 15 दिवस राहून बघा. वहिनींचं यावर मत काय, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

सगळ्यात आधी मात्र पोस्टात किंवा बँकेत जा. साठीच्या आत व्हीआरएस घेणाऱ्याला ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे भरायला रक्कम हाती आल्यापासून तीनच महिने मिळतात. ते हुकले तर साठीपर्यंत थांबावं लागेल. आणि फॅब्रिकेटर मागतोय ते 6 लाख ॲडव्हान्स देऊ नका. ड्रॉइंग आणि मंजुरीचा कागद हातात, मग पहिला हप्ता. शेवटचा हप्ता वजनकाट्याची पावती बघून.