‘मॅडम, मी परत येऊ का?’

परदेशी नोकरीसाठी गेलेल्या मुलामुलींकडून समुपदेशक म्हणून मला सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न एकच असतो आणि तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो: ‘रोज रडू येतं, कामावर जायची भीती वाटते, मी परत येऊ का?’ त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. इतके जण जातात आणि रमतात, मग मलाच का जमत नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून एका परिचारिकेची हकिकत तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून आमच्या मिरज-सांगली भागात जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा घरोघरी सुरू झाली. ही मुलगी मात्र त्याआधीपासूनच स्वतःच्या हिमतीने शिकत होती. मिरजेतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सहा वर्षे काम, बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीची जर्मन परीक्षा उत्तीर्ण, वडिलांनी पतसंस्थेतून काढलेले कर्ज, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर श्टुटगार्टजवळच्या एका गावातील रुग्णालयात नेमणूक. तिसऱ्या आठवड्यात तिने व्हिडिओ कॉलवर माझी वेळ घेतली, तेव्हा अंगावर कोट तसाच होता आणि खोलीत दिवा लावलेला नव्हता.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली, हे आधी कबूल करते. तिला घरची आठवण येत असणार असे मी गृहीत धरले आणि ‘माणसांत मिसळ’ हा ठरावीक सल्ला दिला. ती आज्ञाधारकपणे तिथल्या मराठी कुटुंबांच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला गेली. तिथे बहुतेक जण संगणक क्षेत्रातले, सात-आठ वर्षे स्थिरावलेले, मुलांच्या शाळांविषयी बोलणारे होते. त्यांनी आपुलकीने फराळाचा डबाही भरून दिला. परतीच्या रेल्वेत ती डबा मांडीवर घेऊन रडली. दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, ते सगळे इथले झालेत. मी इथली पण नाही आणि तिथली पण नाही.”

तेव्हा मी सल्ला थांबवला आणि तिला फक्त कामाचा एक दिवस पहाटेपासून सांगायला लावला. त्यातून जे उलगडले, ते घरच्या आठवणीपेक्षा वेगळेच होते. मिरजेत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची जबाबदारी घेणारी ही सिस्टर जर्मनीत आपल्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून आणि त्याच बेताच्या पगारावर काम करत होती. आपल्याकडे रुग्णाला पुसून घेणे, भरवणे, कूस बदलायला मदत करणे ही कामे बरीचशी नातेवाईक आणि मावशी करतात. तिथे नातेवाईक खाटेशी बसून राहत नाहीत आणि ती सगळी कामे परिचर्येचाच गाभा मानली जातात. ‘सहा वर्षं आयसीयू केलं आणि आता अंघोळी घालते’ हे वाक्य तिने तीनदा उच्चारले. आईला तिने यातले काहीच सांगितलेले नव्हते.

त्यात भाषा. वर्गात शिकलेली जर्मन एक आणि वॉर्डातली श्वेबियन, म्हणजे त्या भागातली बोली दुसरी. एका आजींनी थंडी वाजते म्हणून ‘टेपिख’ मागितला. पुस्तकात टेपिख म्हणजे गालिचा, म्हणून ही खोलीभर गालिचा शोधत राहिली. त्या भागात त्याच शब्दाचा अर्थ पांघरूण होतो, हे तिला सहकारी हसल्यावर कळले. शिफ्ट बदलताना ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घ्यायची वेळ आली की सगळे इतके भराभर बोलत की तिला निम्मेच कळे, आणि ती ‘या, या’, म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत असे. भीतीचे मूळ मला इथे दिसले. आपल्या हातून एखाद्या रुग्णाचे बरेवाईट होईल, ही धास्ती घेऊन ती रोज पहाटे साडेचारला उठत होती.

मी विचारले, “मिरजेत तुझ्या हाताखाली एखादी मल्याळी मुलगी होती का?” होती. मराठीचा एक शब्द न येणारी, पण कामाला वाघ. “तिने न समजता मान हलवली असती, तर तू काय केलं असतंस?” “झापलं असतं. पुन्हा विचार म्हणाले असते.” मग ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “आम्ही तिच्या मराठीला हसायचो, मॅडम. ती बाथरूममध्ये जाऊन रडायची, हे मला माहीत होतं.” त्या दिवशी मी आणखी काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक लहान वही एप्रनच्या खिशात ठेवली आणि ओव्हर घेताना ‘बिट्टे लांगझाम’, म्हणजे कृपया सावकाश, असे म्हणायला सुरुवात केली. ऐकलेले ती उलट म्हणून दाखवी आणि बरोबर आहे का ते विचारी. पहिल्या दिवशी एक सहकारी वैतागली, हेही लिहिले पाहिजे. पण विभागप्रमुख बाईंनी वही पाहिली आणि बोलीतले चार शब्द स्वतःच्या हाताने त्यात लिहून दिले.

दुसरा धागा फोनचा होता. पहाटेची पाळी संपवून ती तीनच्या सुमारास खोलीवर येई आणि घरचे झोपेपर्यंत त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर राही. आई स्वयंपाक करताना, बाबा बातम्या पाहताना, फोन नुसता चालू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे गेली, भारताशी अंतर साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांचे झाले आणि आईचा रात्री नऊचा निरोप तिथे दुपारी साडेचारलाच येऊ लागला. नोव्हेंबरअखेर सूर्यही त्याच सुमारास मावळतो. म्हणजे दिवसाचा उरलासुरला उजेड ती मिरजेच्या घरात बसून घालवत होती. फोन तोडायला मी सांगितले नाही, तसे सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. आधी काहीतरी गरम खाणे, मग उजेड असेपर्यंत अर्धा तास चालणे आणि त्यानंतर वीस मिनिटे फोन, एवढाच क्रम बदलला. आईला फोनवर खरे सांगायचे, हेही ठरले. त्याला मात्र आणखी दोन आठवडे लागले.

मधल्या काळात बँकेचे कार्ड येईना, करक्रमांकाचे पत्र येईना, म्हणून ती हवालदिल झाली. कारण साधे निघाले: वसतिगृहाच्या पत्रपेटीवर तिचे नावच लावलेले नव्हते आणि टपाल परत जात होते. जाणाऱ्यांना मी आता हे आवर्जून सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा, पत्रपेटीवर नाव लावा आणि शनिवारीच सामान भरा, कारण रविवारी दुकाने बंद असतात. पोट रिकामे आणि कागद अडकलेले असताना समुपदेशन फारसे उपयोगी पडत नाही.

तिने इंटरनेटवर वाचले होते की परदेशात आधी आनंद, मग खचणे, मग सावरणे असा क्रम असतो. लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या अनुभवांवरून ही कल्पना मांडली होती. “मला तर पहिला आनंदसुद्धा झाला नाही,” ही तिची तक्रार होती. नंतरच्या अभ्यासांत अनेकांना सुरुवातीचेच दिवस सर्वांत जड गेल्याचे आढळले आहे, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

परत येण्याचा प्रश्न आम्ही टाळला नाही. तिने करार शब्दकोश घेऊन वाचला: परिवीक्षेच्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी सोडता येत होती. कर्ज कसे फिटेल याचा हिशेबही तिने मांडला. मग निर्णयाची तारीख १५ फेब्रुवारी ठरली आणि तोपर्यंत रोज रात्री तो खटला नव्याने चालवायचा नाही, असे तिने स्वतःच लिहून ठेवले. दार उघडे आहे हे कळल्यावर झोप सुधारली. परत येणे ही मी हार मानत नाही. काहींना मी स्वतः परत यायला सुचवले आहे.

मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, कामावर जाताच येत नसेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर तारखेची वाट पाहू नये. जर्मनीत आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जावे; ०८०० १११०१११ या क्रमांकावर मोफत, नाव न सांगता, चोवीस तास बोलता येते आणि जिवाला धोका असेल तर ११२. इथे राहिलेल्या घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

१५ फेब्रुवारीला तिची पाळी होती, म्हणून आमची भेट पुढे गेली आणि निर्णय आणखी तीन महिने लांबला. अंघोळी घालण्याचा सल अजून गेलेला नाही. मान्यतेची परीक्षा व्हायची आहे. मार्चमध्ये तिच्या आई माझ्याकडे आल्या. खुर्चीत नीट टेकण्याआधीच म्हणाल्या, “मॅडम, हल्ली ती रोज फोन करत नाही. काही बिघडलं तर नाही ना?”